शायर आणि शाहीर : एका शब्दाचे दोन संसार

मराठी कवितेच्या जुन्या इतिहासात कवींची वाटणी तीन ढिगांत केलेली असते : संत, पंत आणि तंत. संत म्हणजे भक्तीचे, पंत म्हणजे पांडित्याचे आणि तंत म्हणजे तुणतुण्याच्या तारेवर गाणारे, अर्थात शाहीर. या वाटणीत मुसलमान कवी शोधू गेले तर श्रीगोंद्याचे, 'योगसंग्राम' लिहिणारे शेख महंमद पहिल्या ढिगात सापडतात. पेशवाईच्या अखेरीस गाजलेला सगनभाऊ तिसऱ्या ढिगात सापडतो. विसाव्या शतकात आलो तर अमर शेख भेटतात. तोवर जुनी वाटणी मोडलेली असते, पण त्यांच्या नावामागे 'शाहीर' हा शब्द तसाच चिकटलेला असतो.

हा शब्द आम्हाला नेहमी थांबवतो. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या घरात, वर्गात आणि गल्लीतल्या मुशायऱ्यात जो माणूस कविता करतो तो 'शायर' असतो. गालिब शायर, इक्बाल शायर आणि गल्लीत बसून आपली बयाज भरणारा शिंपीही शायरच. मराठीत मात्र त्याच शब्दाचा भाऊ 'शाहीर' भेटतो आणि त्याच्या हातात डफ असतो. एकाच घरातून निघालेल्या या दोन शब्दांपैकी एक मोठा कसा झाला, दुसरा लहान कसा राहिला आणि या मोठे-लहानपणात कोणाचे नुकसान झाले, हे या लेखात पाहायचे आहे.

आधी शब्दाचे मूळ पाहू. अरबीत शीन-ऐन-रे या धातूचा अर्थ जाणणे, जाणवणे असा आहे. त्यातून 'शुऊर' म्हणजे भान, जाणीव हा शब्द आला. 'शेर' आला आणि 'शाइर'ही आला. म्हणजे शायर हा मुळात यमक जुळवणारा नाही, तर इतरांना जाणवत नाही ते ज्याला जाणवते तो. अरबी 'शाइर'मधल्या ऐनचा उच्चार आपल्या जिभेला अवघड आहे. उर्दूने तो लिहिण्यात ठेवला आणि बोलण्यात गाळला. मराठीने त्या जागी 'ह' बसवला आणि 'शाहीर' झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

येथे दोन सावल्यांपासून जपावे लागते, कारण आमच्या वर्गातली मुले हमखास त्यात अडकतात. उर्दूत 'शहीर' असा वेगळा शब्द आहे. त्याचा अर्थ प्रसिद्ध, 'मशहूर'च्या घरातला. दुसरा शब्द 'साहिर', म्हणजे जादूगार. अब्दुल हयी नावाच्या कवीने हाच तखल्लुस घेतला आणि साहिर लुधियानवी झाला. मराठी कानाला शायर, शाहीर, साहिर आणि शहीर हे चौघे एकाच आईची लेकरे वाटतात. खरे नाते फक्त पहिल्या दोघांचे आहे.

मराठीने हा शब्द दोनदा उचलला, ही आणखी एक गंमत. पहिल्यांदा तो मध्ययुगात, दख्खनच्या दरबारांच्या आणि लष्करी छावण्यांच्या भाषेतून आला आणि 'शाहीर' बनला. दुसऱ्यांदा तो आधुनिक काळात गझलेचा हात धरून आला आणि 'शायर' म्हणूनच राहिला. यवतमाळचे भाऊसाहेब पाटणकर स्वतःच्या रचनेला 'मराठी शायरी' म्हणत आणि लोक त्यांना 'शायर' म्हणत. त्यांना कोणी 'शाहीर पाटणकर' म्हटले नाही, कारण तोवर त्या शब्दाच्या अर्थाभोवती पक्के कुंपण पडले होते. शाहीर म्हणजे पोवाडा आणि लावणी, शायर म्हणजे शेर आणि गझल, आणि या दोघांच्या वर, सर्वांना पोटात घेणारा शब्द 'कवी'. मराठीत व्यापक शब्द 'कवी' आहे. उर्दूत ती जागा 'शायर'ची आहे. 'शाहीर' दोन्हीकडे फक्त एका कोपऱ्याचा मालक आहे.

शब्दाचा अर्थ आकुंचित होणे ही काही अघटित गोष्ट नव्हे. उर्दूत 'तमाशा' म्हणजे कोणतेही पाहण्याजोगे दृश्य, रस्त्यावरचे भांडणसुद्धा. मराठीत तमाशा म्हणजे गण, गौळण, बतावणी आणि वग असलेला एक नेमका कलाप्रकार. खुद्द उर्दूनेही हेच केले आहे. अरबीत 'शेर' म्हणजे अवघी कविता. उर्दूत शेर म्हणजे दोन ओळी. तेव्हा मराठीने शायराला डफ दिला म्हणून उर्दूवाल्यांनी नाक मुरडण्याचे कारण नाही.

मात्र आकुंचनात काय गळाले आणि काय टिकले, हे पाहण्यासारखे आहे. इस्लामपूर्व अरबस्तानातला शाइर हा कबिल्याचा आवाज होता. उकाझच्या बाजारात जमलेल्या लोकांपुढे तो उभा राही, आपल्या कबिल्याचे शौर्य सांगे, शत्रूची निंदा करी, मेलेल्यांचा शोक करी. त्याच्या रचना पाठ करून पुढे नेणाऱ्याला 'रावी' म्हणत. लिखाण नंतरचे, आधी गळा आणि जमाव. पुढे मदीनेत हस्सान बिन साबित यांनी विरोधकांच्या निंदाकाव्याला काव्यानेच उत्तर दिले, तेही याच परंपरेतले. दरबार आले, दीवान आले, नाजूक खयाल आला आणि शायर हळूहळू मैदानातून बैठकीत गेला. उर्दूला जो शायर मिळाला तो फारसीच्या बैठकीतून उठून आलेला होता.

आता मराठी शाहिराकडे पाहावे. तो उभा राहून गातो. समोर जमाव असतो. बाजूला डफ, तुणतुणे आणि झांज असते. मागे झीलकरी असतात, ते त्याची ओळ उचलून धरतात. विषय लढाईचा, वीराचा, दुष्काळाचा, नाही तर माणसाच्या शृंगाराचा आणि विरहाचा. उकाझच्या शाइराचा आणि त्याच्या रावीचा चेहरा दिल्ली-लखनौच्या बैठकीपेक्षा पुण्याच्या फडात अधिक ओळखू येतो. उर्दूने व्यापक अर्थ घेतला खरा, पण शब्दाचे जुने काम सांभाळले ते मराठीने, आपल्या छोट्या कुंपणात. लहान झालेल्या शब्दाने मोठे काम जपावे, हे आम्हाला विशेष वाटते.

अर्थात दोन्ही मंचांची तुलना एका मर्यादेपर्यंतच चालते. मुशायऱ्यात श्रोता एकेकटा दाद देतो. एखादा शेर त्याला लागतो, तो 'मुकर्रर' म्हणतो, शायर तो शेर पुन्हा वाचतो. दोन ओळी म्हणजे पुरी इमारत, पुढचा शेर नवा. पोवाड्यात असे थांबता येत नाही. तेथे कथा पुढे सरकते, मध्ये गद्यात निवेदन येते, पुन्हा चाल चढते. झीलकऱ्यांचा 'जी जी' हा समूहाचा होकार असतो. मुशायरा शेवटी एका माणसाच्या मनाशी बोलतो, तर पोवाडा अनेकांना एका मनाचे करतो. तरी शेवटची खूण सारखीच. शायर मक्त्यात आपला तखल्लुस गुंफतो आणि शाहीर अखेरच्या कडव्यात आपली नाममुद्रा ठेवतो. दोघांनाही आपली रचना दुसऱ्याच्या नावावर जाण्याची भीती आहे आणि आपले नाव लोकांच्या तोंडी राहावे ही हौस आहे.

सगनभाऊची नाममुद्रा अशीच लोकांच्या तोंडी राहिली. तो जातीने मुसलमान, धंद्याने शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांपैकी. होनाजी बाळाच्या फडाशी त्याची स्पर्धा होती. रामजोशी, अनंतफंदी, प्रभाकर, परशराम, होनाजी आणि सगनभाऊ ही नावे एका दमात घेतली जातात, आणि त्या ओळीत कोणी त्याचा धर्म विचारून त्याला शेवटी बसवलेले नाही. फडावर त्या काळी कसब विचारले जाई. हे समाधान मोठे आहे. पण त्याच्या कवितेची चर्चा शोधू गेलो की हाती थोडेच लागते.

यामागे एक कारण आहे आणि ते छापखान्याशी जोडलेले आहे. हॅरी आर्बथनॉट अॅक्वर्थ हे इंग्रज सनदी अधिकारी मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. वडाळ्याचे कुष्ठरोग रुग्णालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह पोवाडे जमवले आणि १८९१ मध्ये प्रसिद्ध केले. ग्रंथाचे नाव होते 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे'. पुढे य. न. केळकरांनी १९२८ मध्ये मोठ्या कष्टाने केलेल्या संग्रहाचे नाव 'ऐतिहासिक पोवाडे'. या दोन्ही कामांचे ऋण मोठे आहे. ती झाली नसती तर कितीतरी रचना गायकांच्या गळ्याबरोबरच गेल्या असत्या. पण नावांकडे नीट पाहावे. पोवाडा जपला गेला तो इतिहासाचा पुरावा म्हणून. शाहीर साक्षीदार ठरला. साक्षीदाराला आपण विचारतो, 'तू सांगतोस ते खरे का?' कवीला विचारायचा प्रश्न वेगळा असतो. लावणीच्या वाट्याला तर बराच काळ अश्लीलतेचा आरोपच आला. म. वा. धोंडांनी १९५६ मध्ये 'मऱ्हाटी लावणी' लिहून ती कला म्हणून तपासली, तेव्हा कोठे सभ्य कपाटात तिला जागा मिळाली.

अमर शेख यांच्या बाबतीत या शब्दाची अडचण सर्वांत स्पष्ट दिसते. १९१६ साली बार्शीत जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल गिरणीत, चळवळीत, चित्रपटाच्या वर्तुळात वावरले आणि 'अमर शेख' झाले. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजाने मैदाने भरली. ही झाली शाहिरी. पण १९५८ मध्ये 'कलश' आणि १९६३ मध्ये 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह आले. ते हातात धरून वाचायचे संग्रह आहेत, डफाची साथ गृहीत धरणारी पुस्तिका नव्हेत. तरीही मुखपृष्ठाच्या आतल्या कवीपेक्षा बाहेरच्या मैदानातला शाहीरच समीक्षेला दिसत राहिला. 'बुलंद आवाज', 'पहाडी गळा' अशी विशेषणे त्यांच्या वाट्याला मुबलक आली. ही सगळी विशेषणे गळ्याची आहेत. ओळीबद्दल बोलणारी थोडी.

शेजारी नारायण सुर्वे यांना ठेवून पाहावे. तेही गिरणगावचे, तेही कामगार चळवळीचे, तेही सभांतून कविता म्हणणारे. त्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ मध्ये आला, म्हणजे 'कलश'नंतर चार वर्षांनी. सुर्वे पहिल्या दिवसापासून कवी. त्यांचे मोठेपण वादातीत आहे, ते कमी करण्याचा आमचा हेतू नाही. प्रश्न एवढाच की दोघांना दोन दारांतून आत का घेतले? आमच्या मते फरक डफाचा आहे. ज्याने एकदा डफ हातात धरला त्याच्या पुस्तकातूनही समीक्षेला डफच ऐकू येतो. रशियाचा मायकोव्हस्की मंचावरून गर्जून कविता म्हणत असे आणि अमर शेखांच्या संदर्भात त्याचे नाव वारंवार घेतले जाते. पण मायकोव्हस्कीला मराठीत कोणी शाहीर म्हणत नाही, तो महाकवी असतो.

उर्दू समीक्षेतले एक जुने माप येथे उपयोगी पडेल. मौलाना अल्ताफ हुसेन हाली यांनी १८९३ मध्ये 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी' लिहिला. चांगल्या शेराचे तीन गुण त्यांनी मिल्टनच्या आधाराने सांगितले : सादगी, असलियत आणि जोश. हे माप गझलेच्या कृत्रिमपणावर टीका करताना पुढे आले होते. पण पोवाड्याला लावून पाहिले तर ते जणू त्याच्यासाठीच शिवलेले वाटते. सादगी ही मैदानातल्या कवीची गरजच असते, कारण श्रोत्याला मागचे पान उलटता येत नाही, ओळ एकदाच कानावरून जाते. असलियतही तशीच, कारण समोर बसलेल्या कामगाराने जे भोगले आहे तेच त्याला ऐकवायचे असते, तेथे खोटे चालत नाही. राहिला जोश. हालींनी बजावले आहे की जोश म्हणजे भारी शब्दांचा गडगडाट नव्हे, मवाळ शब्दांतही तो असू शकतो. आम्हाला वाटते, येथे शाहिरी कवितेची खरी परीक्षा आहे. मंचावरच्या रचनेत घोषणेचा जो अंश असतो तो सभा पांगली की ओसरतो. मागे उरते ती कविता. अमर शेखांच्या संग्रहांतही ओसरणाऱ्या जागा आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण कोणते ओसरले आणि कोणते उरले, हे ठरवायला आधी त्यांना कवी म्हणून वाचावे लागेल. वाचण्याआधीच 'शाहीर' म्हणून सलाम ठोकणे म्हणजे आदराने दाराबाहेर बसवणे होय.

हा दोष एकट्या मराठी समीक्षेचा नाही, आमच्या उर्दू मंडळींचाही आहे. आमच्या उपनगरांचाच नकाशा घ्यावा. जुहूच्या जानकी कुटीरमध्ये कैफी आझमी राहत. तेथून जवळच साहिर यांनी आपल्या युद्धविरोधी दीर्घ नझ्मचे नाव घराला दिले, 'परछाइयाँ'. तिकडे घाटकोपरच्या चिरागनगरात, पत्र्याच्या वस्तीत अण्णा भाऊ साठे लिहीत होते. कैफी आणि अण्णा भाऊ एकाच पक्षाच्या झेंड्याखाली वाढलेले. १९४३ साली मुंबईत स्थापन झालेल्या इप्टाच्या वातावरणात दोन्ही भाषांचे कलावंत वावरत होते. तरी आमच्या मुशायऱ्यांत कैफींचे नाव आदराने घेतात आणि बार्शीच्या मेहबूब पटेलांचे नाव सहसा निघत नाही, कारण त्यांनी मराठीत लिहिले. मराठीत ते शाहीर म्हणून अर्धे आणि उर्दूत मराठी म्हणून परके. अंधेरी पश्चिम रेल्वेवर आणि घाटकोपर मध्य रेल्वेवर. २०१४ साली मेट्रोने दोघांना जोडले. शब्दांचा हा छोटा पूल मात्र अजून वापराविना पडून आहे.

'शाहीर' या शब्दाची किंमत किती असते तेही याच उपनगरांनी पाहिले आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. मुलुंडला राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी त्यानंतर चार दिवसांनी आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट त्यांच्यापासून सुरू होतो. त्या मरणाचा गौरव करावा असे आम्हाला मुळीच वाटत नाही. असा माणूस जगायला हवा होता, गायला हवा होता. पण शाहीर आणि त्याचा जमाव यांच्यात कोणते नाते असते, जमावावरचा घाव त्याच्या कोठे लागतो, हे त्यावरून समजते. 'शायर' शब्दात जाणण्याची शक्ती आहे. 'शाहीर' शब्दात त्या जाणण्याबरोबर जमावाशी बांधिलकीही आली आहे.

उलट बाजूने हा शब्द सैल होत चालला आहे, तेही नोंदवले पाहिजे. आज 'शाहीर' ही पदवी बहुधा गायकाला लागते. २०२३ साली राज्यगीत म्हणून स्वीकारलेले 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत राजा बढे यांचे, ते गाजवले शाहीर साबळे यांनी. लिहिणारा कवी आणि गाणारा शाहीर, अशी ही नवी वाटणी आहे. शाहीर साबळ्यांची थोरवी यामुळे कमी होत नाही. पण सगनभाऊच्या काळी रचणारा आणि गाणारा एकच असे, आणि रचण्याचा मान आधी असे. तो मान या शब्दातून हळूहळू निसटतो आहे. जो शब्द 'जाणणारा' या अर्थाने निघाला तो केवळ 'गळा' या अर्थापाशी येऊन टेकावा, हे बरे नव्हे.

कोणी म्हणेल, शाहीर ही तर अभिमानाची पदवी आहे. अण्णा भाऊंना लोकांनी प्रेमाने 'लोकशाहीर' म्हटले. तुम्हाला 'कवी' हा शिक्का कशाला हवा? आक्षेप योग्य आहे. 'शाहीर' शब्द काढून टाका असे आमचे म्हणणे नाही. तो राहावाच, कारण त्यात जे बांधिलकीचे काम आहे ते 'कवी' शब्दात नाही. आमचे म्हणणे इतकेच की नेमका शब्द व्यापक शब्दाच्या आत असतो, त्याच्या बाहेर नसतो. आंबा हे फळ आहे हे सांगायला आंब्याचे आंबेपण सोडावे लागत नाही. प्रत्येक शाहीर आधी कवी आहे, आणि त्यावर आणखी काही आहे. समीक्षेने ते 'आणखी काही' पाहिले आणि आधीचे विसरली.

हे सगळे आम्हाला महत्त्वाचे का वाटते? आमच्या उर्दू शाळांतील मुलांना मराठीच्या तासाला 'शाहीर' भेटतो तेव्हा ती त्याला 'शायर' म्हणून मोकळी होतात. एका परीक्षकाने असे उत्तर लाल शाईने कापलेले आम्ही पाहिले आहे. परीक्षेच्या दृष्टीने कापणे बरोबरही असेल. पण त्या मुलाने अजाणता शब्दाच्या मुळालाच हात घातला होता. त्याला तेथेच थांबवून हे सांगायला हवे होते की बेटा, शब्द तुझ्याच घरचा आहे, पण मराठीत येऊन त्याने वेगळा संसार थाटला आहे. तो संसार कोणता ते आता शीक. असे शिकवले तर मराठी त्याला परकी राहणार नाही, आणि 'मराठीत आमचे किती शब्द आहेत' अशी पोकळ बढाईही तो मारणार नाही. शब्द देणे ही बढाईची गोष्ट नाही. घेणाऱ्याने त्याचे काय केले, हे समजून घेणे महत्त्वाचे.

अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले आणि अमर शेख त्याच वर्षी २९ ऑगस्टला. एकाच पावसाळ्यात मराठीने आपले दोन मोठे शाहीर गमावले. अण्णा भाऊंच्या कथा-कादंबऱ्यांचे वाचन पुढे वाढत गेले. अमर शेखांचे 'कलश' आणि 'धरतीमाता' मात्र तसे वाचक शोधत आहेत. मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ सोलापुरात १९९० साली पहिल्या संमेलनाने उभी राहिली. बार्शी त्याच जिल्ह्यात आहे. तेव्हा हे काम मुख्यतः आपलेच आहे. त्यांच्या आवाजाच्या आठवणी पुष्कळ सांगून झाल्या. आता त्यांची पुस्तके उघडावीत, ओळ आणि ओळ तपासावी, जे टिकले त्याला कवितेच्या मापाने दाद द्यावी आणि जे टिकले नाही ते तसे सांगावे. शायराला काय आणि शाहिराला काय, दाद हवी असते ती ओळीला.